तिसरा टर्बो घेण्याआधी ब्रीदर बघा

पत्र: "सर, माझ्याकडे 2001 ची होंडा सिटी 1.5 व्हीटेक आहे. गेल्या दिवाळीत तिला टर्बो बसवला. कुर्ल्याहून आणलेला टीडी04, बूस्ट (टर्बोने ढकललेल्या हवेचा जादा दाब) 0.4 बार, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) वेगळा, ट्यूनिंग डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर) करून घेतलं. सुरुवातीला गाडी झकास पळाली. मग सिग्नलला थांबून निघताना मागून निळा धूर यायला लागला. मेकॅनिक म्हणाला, टर्बोचं सील गेलं. दुसरा टर्बो घातला, पण पंधरा दिवसांत पुन्हा तोच धूर. आता टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल झिरपतंय आणि परवा पूर्ण बूस्टवर पळवल्यानंतर बॉनेट उघडलं तर डिपस्टिक चार बोटं वर आलेली. पीसीव्हीतून (इंजिनाच्या पोटातल्या वाफा इनटेकमध्ये ओढणाऱ्या व्हॉल्व्हमधून) बूस्ट लीक होतो म्हणून मेकॅनिकने ते भोक बोल्ट मारून बंद केलंय आणि टॅपेट कव्हरला कॅच कॅन (वाफांबरोबर येणारं ऑइल अडवणारा डबा) लावलाय. फोटो सोबत जोडलेत. तिसरा टर्बो घेऊ की इंजिन खोलू? आणि तोवर गाडी वापरली तर चालेल का?" (इचलकरंजीचे एक वाचक)

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबण्यासारखं नाही. गाडी आजपासून उभी करा. तुमच्या इंजिनात एक्झॉस्ट पुढच्या बाजूला, रेडिएटरकडे आहे आणि डिपस्टिकही त्याच बाजूला. म्हणजे डिपस्टिक पूर्ण बाहेर आली तर ऑइलचा फवारा थेट तापलेल्या मॅनिफोल्डवर आणि टर्बाइनच्या घरावर जाणार. बॉनेटखाली आग लागायला एवढं पुरतं. डिपस्टिकला तार किंवा स्प्रिंग बांधून गाडी चालवणारे बरेच आहेत. तुम्ही ते करू नका. डिपस्टिक बांधली तरी आतला दाब जागेवरच राहतो आणि मग तो क्रँकचं पुढचं किंवा मागचं सील ढकलतो. मागचं सील गेलं तर गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय सुटका नाही.

तिसरा टर्बो घेऊ नका. फोटो नीट पाहिल्यावर माझी जवळजवळ खात्री झाली आहे की तुमचा दुसरा टर्बो चांगला आहे, आणि बहुधा पहिलाही चांगलाच होता. धूर टर्बोतून येतोय हे खरं, पण ऑइल तिथून बाहेर पडायचं कारण टर्बोत नाही. तुमच्या क्रँककेसमधला (क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पोकळीतला) दाब बाहेर जायला वाट नाही आणि टर्बोतून खाली येणाऱ्या ऑइललाही धड वाट नाही. या दोन्ही गोष्टी तशाच ठेवून कितीही महागडा टर्बो बसवला, तरी तो असाच धूर मारेल.

हे कसं होतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण मेकॅनिकशी बोलताना तुम्हाला ते लागेल.

रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेल्या वायूचा थोडा भाग पिस्टनच्या बाजूने खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँककेसच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, उतरतोच. गॅरेजमध्ये याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्याचं प्रमाण वाढलं की ते दुखणं, पण शून्य ते कधीच नसतं. तुम्ही 0.4 बार बूस्ट देता तेव्हा सिलिंडरमध्ये साधारण 40 टक्के जास्त हवा जाते, स्फोटाचा दाब त्या मानाने वाढतो आणि खाली उतरणारा वायूही. होंडाने या इंजिनाची ब्रीदरची (हा वायू बाहेर काढायची) व्यवस्था बिनटर्बोच्या हिशेबाने केलेली आहे. ती व्यवस्था आता अपुरी पडते, आणि तुमच्या गाडीत तर ती अर्धी बंदच केलेली आहे.

मूळ रचना अशी आहे. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली एक काळा ब्रीदर बॉक्स असतो. तिथून एक नळी इनटेकमधल्या पीसीव्ही व्हॉल्व्हला जाते. स्लोवर (पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना) आणि हलक्या पायावर मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, तो या नळीतून क्रँककेसमधल्या वाफा ओढून घेतो. त्यांची जागा घ्यायला ताजी हवा टॅपेट कव्हरच्या नळीतून आत येते. म्हणजे इंजिनाच्या पोटातून सतत हवा खेळत राहते. त्या हवेबरोबर पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल बाहेर जातं, म्हणून ऑइल लवकर खराब होत नाही. पूर्वीच्या गाड्यांत यातलं काही नव्हतं, वाफा एका नळीतून सरळ रस्त्यावर सोडून द्यायचे. जुन्या जीपगाड्यांखाली ती नळी आणि तिच्याखालचा ऑइलचा डाग अजून दिसतो. कॅलिफोर्नियात 1961 च्या मॉडेलपासून पीसीव्ही आली ती धुराच्या प्रश्नामुळे, पण तिचा इंजिनाच्या आयुष्याला झालेला फायदाही तेवढाच मोठा आहे.

टर्बो बसवल्यावर अडचण येते ती बूस्टमध्ये. तेव्हा मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमऐवजी दाब असतो. पीसीव्ही व्हॉल्व्हने अशा वेळी बंद व्हायला हवं, पण बिनटर्बो गाडीचा व्हॉल्व्ह यासाठी बनवलेलाच नसतो. तो गळतो आणि बूस्ट उलटा चेंबरमध्ये जातो. तुमच्या मेकॅनिकला ही गळती दिसली, इथपर्यंत त्याचं बरोबर आहे. पण त्याने ते भोक बोल्ट मारून बुजवलं आणि मागच्या ब्रीदर बॉक्सची नळीही टोपी घालून बंद केली. तुमच्या तिसऱ्या फोटोत ती टोपी स्पष्ट दिसते. आता क्रँककेसमधून बाहेर पडायला एकच रस्ता उरला: हेडमधून वर, टॅपेट कव्हर आणि तिथून कॅच कॅन. ज्या गाळ्यांतून ऑइल हेडमधून खाली उतरतं, त्यातूनच वायू वर चढणार. बूस्टवर वायूचा जोर इतका असतो की ऑइल खाली येतच नाही, हेडमध्ये साचतं. पॅकिंगमधून जे झिरपतंय ते हेच.

आणि तो कॅन. त्याचे निपल 8 मिलीमीटरचे आहेत. एवढ्या इंजिनाला बूस्टवर 19 मिलीमीटरची, म्हणजे पाऊण इंची नळी मी कमीत कमी धरतो. व्यासाच्या आकड्यांवर जाऊ नका, क्षेत्रफळ काढा: 19 ची नळी 8 च्या नळीपेक्षा साडेपाच पट मोकळी असते. त्यात तुमच्या कॅनवरचा छोटा फिल्टर ऑइलने माखलेला दिसतोय. माखलेला फिल्टर जवळजवळ बुचासारखाच.

आता टर्बो. टर्बोच्या शाफ्टला क्रँकसारखं रबरी ओठाचं सील नसतं. तिथे छोटी पिस्टन रिंगसारखी रिंग असते आणि ती ऑइल अडवते ते बाजूच्या दाबाच्या जोरावर. पंख्यांच्या बाजूला दाब जास्त, मधल्या घरात (शाफ्टचं बेअरिंग असतं तिथे) कमी, असं असेल तोवर ऑइल आत राहतं. मधल्या घराचा दाब ठरतो चेंबरवरून, कारण दोघं ड्रेनच्या (टर्बोतलं ऑइल परत खाली सोडणाऱ्या) नळीने जोडलेले आहेत. क्रँककेस फुगली की मधलं घरही फुगतं. सिग्नलला इंजिन स्लोवर असताना कॉम्प्रेसरच्या बाजूला दाब जवळजवळ नसतोच, तेव्हा ऑइल रिंगेच्या कडेने बाहेर पडून एक्झॉस्टमध्ये किंवा इंटरकूलरमध्ये साचतं आणि तुम्ही पाय दिला की धूर होऊन मागे निघतं. थांबून निघताना धूर, हे तुमचं लक्षण तंतोतंत याचंच आहे. व्हॉल्व्ह सील गेलेलं असतं तर सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा उतारावर गिअरमध्ये पाय सोडून आल्यावर धूर दिसला असता. रिंगा गेल्या असत्या तर पूर्ण बूस्टवर सलग धूर राहिला असता.

तुमच्या ड्रेनमध्ये आणखी एक गोष्ट आहे आणि मला तीच सगळ्यात जास्त खटकली. टर्बोखालून निघालेली नळी एसीच्या ब्रॅकेटच्या खाली उतरते आणि मग पुन्हा थोडी वर चढून चेंबरला मिळते. त्या खोलगट भागात ऑइल कायम भरून राहणार. टर्बोला ऑइल पंपाने मिळतं, पण परत जाताना त्याच्यामागे काहीही जोर नसतो, ते फक्त स्वतःच्या वजनाने पडतं. त्यात ते बेअरिंगमधून बाहेर पडतं तेव्हा फेसाळलेलं असतं. नळीत ऑइल अडकलेलं असताना चेंबरमध्ये 10 सेंटीमीटर पाण्याएवढा दाब आला, तर नळीतलं ऑइल सुमारे साडेअकरा सेंटीमीटर वर चढतं. तुमच्या टर्बोपासून चेंबरपर्यंतची उंची फोटोत त्याहून फार जास्त दिसत नाही. म्हणजे मधलं घर ऑइलने भरून जातंय.

आता कामाला लागू. पहिली फेरी फक्त मोजमापाची ठेवा, काहीही बदलू नका.

सुरुवात लीकडाउन टेस्टने करा. प्रत्येक सिलिंडर वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि किती गळते ते बघायचं. इचलकरंजीत कॉम्प्रेसर शोधायला लागणार नाही, गेजचा सेट मात्र चांगला मिळवा. 10 टक्क्यांच्या आत गळती असेल तर रिंगा उत्तम. 20 च्या वर असेल, किंवा एकच सिलिंडर बाकीच्या तिघांपेक्षा बराच वाईट असेल, तर ऑइल भरायचं झाकण उघडून कान लावा. तिथून फुसफुस ऐकू आली तर हवा रिंगांवाटे खाली जातेय. या इंजिनाचे मूळ पिस्टन बूस्टसाठी बनलेले नाहीत. नॉकिंग (पेट्रोलचा वेळेआधी, आपोआप होणारा स्फोट) झालं असेल तर दोन रिंगांमधली पिस्टनची कड तुटते, आणि तसं असेल तर ब्रीदर कितीही मोठा केला तरी पुरणार नाही, इंजिन खोलावंच लागेल. "इंजिन खोलू का" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर ही टेस्ट देईल, मी नाही.

मग क्रँककेसचा दाब मोजा. यासाठी महाग काही नको. गवंडी लेव्हल धरायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, फळीवर इंग्रजी यू सारखी बसवा, अर्धी रंगीत पाण्याने भरा. एक टोक लांब नळीने डिपस्टिकच्या पाइपला जोडा, दुसरं उघडं ठेवा. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला एकूण फरक मोजायचा. एक बाजू 5 सेंटीमीटर चढली आणि दुसरी 5 उतरली, तर दाब 10 सेंटीमीटर. 10 सेंटीमीटर म्हणजे साधारण 1 किलोपास्कल. हे रस्त्यावर करू नका, ट्यूनिंग केलंत त्याच डायनोवर करा आणि नळीपाशी दुसरा माणूस उभा करा. यूची उंची दोन्हीकडे निदान एक मीटर ठेवा. आत्ताच्या स्थितीत पहिल्याच खेपेला पाणी बाहेर उडालं तर मला नवल वाटणार नाही, तेव्हा बूस्ट हळूहळू चढवा आणि पाणी काठाला आलं की थांबा.

दुरुस्तीनंतर स्लोवर पाणी किंचित इंजिनाकडे ओढलं गेलं पाहिजे आणि पूर्ण बूस्टवर फरक 10-15 सेंटीमीटरच्या वर जाता कामा नये. ही माझी स्वतःची मर्यादा आहे, ती मी कडक ठेवतो.

दुरुस्तीत पहिला हात ड्रेनला. चेंबर उतरवा. पुढच्या बाजूला, ऑइलच्या पातळीच्या वर, नवीन बंग (नळी जोडायचा वेल्ड केलेला सांधा) बसवून घ्या. पत्र्याचा चेंबर असेल तर काम सोपं, अॅल्युमिनियमचा असेल तर आर्गन वेल्डिंगवाला चांगला गाठा. वेल्डिंग चेंबर इंजिनावर असताना कोणीही करून देतो म्हणाला तर त्याला ते करू देऊ नका. आत पडलेला एक मणी ऑइल पंपात गेला की पुढचं बोलायलाच नको. नळीचं आतलं तोंड 16 मिलीमीटरच्या आसपास असू द्या. टर्बोपासून चेंबरपर्यंत ती सतत उतरतीच हवी, कुठेही आडवी नको, चढती तर नकोच. टर्बो स्वतः फिरवून बसवला असेल तर ड्रेनचं तोंड सरळ खाली बघतंय का ते तपासा, उभ्या रेषेपासून 35 अंशांपेक्षा जास्त कलू देऊ नका. एसीचा ब्रॅकेट आड येत असेल तर ब्रॅकेट बदला, नळी वळवू नका. आणि ड्रेनच्या फ्लँजला पॅकिंगच वापरा. सिलिकॉन लावलं की ते आतल्या बाजूला फुगतं आणि तोंड अर्धं बंद करतं.

दुसरा हात ब्रीदरला. मागच्या ब्रीदर बॉक्सची टोपी काढा. तिथून एक आणि टॅपेट कव्हरवरून एक, अशा दोन 19 मिलीमीटरच्या नळ्या एका मोठ्या, आत आडपडदे असलेल्या कॅनमध्ये आणा. कॅन इंजिनापेक्षा उंचावर ठेवा आणि नळ्या चढत्या ठेवा, म्हणजे नळीत थंड झालेलं ऑइल आपोआप परत खाली येईल. कॅनमध्ये भांडी घासायची तारेची जाळी कोंबण्याची पद्धत आहे, ती सोडा. तिचे तुकडे सुटतात आणि पुढे कॉम्प्रेसरच्या अॅल्युमिनियमच्या पंख्यावर जातात. विणलेली स्टेनलेस जाळी बसवून घ्या.

कॅनमधून पुढे दोन वाटा काढा. एक वाट टर्बोच्या तोंडाशी, एअर फिल्टर आणि कॉम्प्रेसर यांच्या मधल्या पाइपला. बूस्टवर तिथे थोडी ओढ असते आणि नेमकी तेव्हाच तुम्हाला ती हवी असते. दुसरी वाट मूळ पीसीव्हीच्या जागी, मॅनिफोल्डला, पण मध्ये एक भक्कम एकमार्गी व्हॉल्व्ह घालून. ब्रेक बूस्टरचा व्हॉल्व्ह यासाठी छान चालतो, कारण तो व्हॅक्यूमसाठीच बनलेला असतो आणि उष्णता सोसतो. फिशटँकचे प्लास्टिकचे व्हॉल्व्ह वितळतात. मूळ पीसीव्ही नवीन टाका आणि त्याच्यासोबत ओळीत ठेवा. तो काढला तर स्लोवर व्हॅक्यूम अनिर्बंध ओढेल आणि स्लो बिघडेल.

उघड्या फिल्टरचा कॅन ठेवला तर इंजिन चालेल, तुमच्या गाडीत मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) असल्यामुळे मोजलेल्या हवेचाही घोळ होणार नाही. तरी मी त्याच्या विरोधात आहे. स्लोवर व्हॅक्यूमने ओढ मिळण्याचा फायदा जातो, वाफा केबिनमध्ये येतात, आणि आपल्याकडच्या नियमांत पेट्रोल गाडीच्या क्रँककेसमधून हवेत काहीही सोडायला परवानगी नाही. नियमांचा विषय निघालाच आहे तर हेही लिहितो: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातात विमा कंपनी हेच बोट दाखवेल. ही गाडी ट्रॅकवर आणि डायनोवर राहावी असंच मला मनापासून वाटतं.

नळीच्या बाबतीत एक सावधगिरी. कूलंटचा रबरी पाइप ब्रीदरला लावू नका. त्याचं रबर ऑइलने फुगतं, मऊ पडतं आणि व्हॅक्यूममध्ये चपटं होतं. ऑइलला टिकणारी नायट्राइलची नळी मागा. ड्रेनलाही तीच किंवा स्टीलच्या विणीची.

ऑइल फीडबद्दल (टर्बोला ऑइल देणाऱ्या नळीबद्दल) तुम्ही विचारलेलं नाही, पण फोटोत ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी लावलेला दिसतोय, म्हणून लिहितो. ब्लॉकमधले तिथले आटे 1/8 बीएसपीटी मापाचे आहेत, इंचाला 28. बाजारात सहज मिळणारे फिटिंग बहुतेक 1/8 एनपीटी असतात, इंचाला 27 आट्यांचे. पहिले एक-दोन आटे बसतात, पुढे जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की अॅल्युमिनियमचा ब्लॉक तडकतो. तुमचा टी कोणता आहे ते खात्री करून घ्या. त्यावर पांढरी टेप गुंडाळली असेल तर ती काढून द्रव सीलंट लावा, कारण टेपचा धागा सुटून टर्बोच्या बारीक फीडमध्ये अडकतो आणि बेअरिंग कोरडं पडतं. टीडी04 ला साध्या बुशचं बेअरिंग असतं, त्याला ऑइल भरपूर लागतं. कोणी 1 मिलीमीटरचा रेस्ट्रिक्टर (ऑइल कमी सोडणारं बारीक भोक) घाला म्हणेल, तर तो बॉल बेअरिंगच्या टर्बोसाठी असतो, तुमच्यासाठी नाही.

इंजिन तापलेलं असताना खरा गेज लावून ऑइलचा दाबही बघा. स्लोवर किमान 0.7 बार आणि 3000 फेऱ्यांवर साधारण 3.4 बार मिळायला हवा.

ऑइल पूर्ण सिंथेटिक, 5डब्ल्यू-40, आणि 5000 किलोमीटरला बदल. पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका. टर्बो आहे म्हणून अर्धा लिटर जास्त घालणारे भेटतात. त्याने क्रँक ऑइल घुसळते, फेस होतो आणि तोच फेस ब्रीदरमधून कॅनमध्ये येतो. कॅनमध्ये पावसाळ्यात किंवा छोट्या फेऱ्यांत दुधाळ पिवळा गाळ जमेल. ते पाणी आणि ऑइलचं मिश्रण असतं, घाबरू नका, पण ते इंजिनात परत ओतू नका. कॅनमध्ये जमणारं ऑइल बूस्टवर सिलिंडरमध्ये गेलं असतं तर पेट्रोलचा ऑक्टेन घसरून नॉकिंग झालं असतं, आणि या पिस्टनना नेमकं तेच सोसत नाही.

दोन्ही दुरुस्त्या झाल्या की इंटरकूलर उतरवून आतलं ऑइल पूर्ण काढा, पाइप धुवा. एक्झॉस्टमध्ये साचलेलं ऑइल जळून जायला थोडा वेळ लागेल, त्यामुळे पहिले काही किलोमीटर धूर दिसला तर लगेच टर्बोला दोष देऊ नका.

मला चारही सिलिंडरचे लीकडाउनचे टक्के, दुरुस्तीआधी आणि नंतर पूर्ण बूस्टवर यूमधला फरक, आणि गरम इंजिनाचा स्लोवरचा ऑइल प्रेशर कळवा. काढून ठेवलेला पहिला टर्बोही बघा: शाफ्ट बोटांनी धरून आत-बाहेर ओढा. तसा तो हलायला नको. आडवा किंचित खेळ चालतो, पण पंखा घराला घासल्याची खूण नको. दोन्ही नसेल तर तो साफ करून तेल लावून, तोंडं बंद करून ठेवा.